पावसाच्या पाण्यासाठी शहराला स्वतंत्र नियोजन कशासाठी लागते?

उतारवाट (प्रश्न)

नमस्कार. शहर विकास आराखड्यावरील एका चर्चेत पर्जन्यजल निचऱ्यासाठी स्वतंत्र आराखडा, स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र कर्मचारी असावेत, असा आग्रह धरला गेला आणि तेव्हापासून एक शंका मनातून जात नाही. पिण्याचे पाणी लांबून आणावे लागते आणि सांडपाणी शुद्ध करून सोडावे लागते, म्हणून त्या दोन्हींसाठी यंत्रणा हवी, हे सहज पटते. पावसाचे पाणी मात्र आपोआप पडते आणि आपोआप उताराकडे जाते. शहर वसण्याआधीही ते असेच वाहत होते. रस्त्याच्या कडेला गटार काढले, ते जवळच्या ओढ्याला नेऊन जोडले, की काम संपले, असे मला आजवर वाटत आले आहे.

त्यातून शहर एखाद्या मोठ्या नदीच्या पूररेषेत नसेल, थोडे उंचावर वसलेले असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? मी हे वाद घालण्यासाठी विचारत नाही. पूर येईल, नुकसान होईल, असे इशारे पुष्कळ वाचले आहेत. पाण्याचे नेमके काय बदलते आणि ते न सांभाळल्यास काय बिघडते, हे कोणी कार्यकारणासह समजावून सांगितले तर आभारी राहीन.

पाणलोट (प्रतिसाद)

आपला प्रश्न रास्त आहे, आणि त्यातील एका वाक्यापासूनच सुरुवात करतो. शहर वसण्याआधी पाणी असेच वाहत होते, असे आपण लिहिले आहे. प्रत्यक्षात त्यातील बरेचसे पाणी वाहतच नव्हते. पावसाचे पहिले थेंब झाडांच्या पानांवर अडत, मग गवतात आणि पालापाचोळ्यात थांबत, जमिनीवरील लहानमोठे खळगे भरत आणि मातीची तहान भागल्यावर जे उरेल तेवढेच उताराला लागत असे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनात जे ढोबळ प्रमाण वापरले जाते, त्यानुसार नैसर्गिक जमिनीवर पडलेल्या पावसापैकी सुमारे ५० टक्के पाणी जमिनीत मुरते, ४० टक्के बाष्परूपाने हवेत परत जाते आणि केवळ १० टक्के पृष्ठभागावरून वाहते. हीच जमीन ७५ टक्क्यांहून अधिक छपरे, रस्ते आणि फरशी यांनी झाकली गेली, तर मुरणारे पाणी १५ टक्क्यांवर येते आणि वाहणारे ५५ टक्क्यांवर जाते. माती, उतार आणि हवामान यांनुसार हे आकडे बदलतात, पण बदलाची दिशा सगळीकडे तीच असते. या वाहणाऱ्या पाण्याला अपधाव म्हणतात, आणि शहर आपल्या बांधकामातून जे काही निर्माण करते त्यात अपधावही येतो, हे एकदा मान्य केले की त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बराचसा सुटतो.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि चर्चेत ती बहुधा सुटून जाते. पाण्याचे एकूण प्रमाण वाढते, त्याहून कितीतरी अधिक पटीने त्याचा कमाल प्रवाह वाढतो. गटाराचा आकार ठरवण्यासाठी अभियंते आजही एक साधे सूत्र वापरतात: अपधाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून जातो, ते सांगणारा आकडा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. आयर्लंडमधील अभियंते मल्व्हेनी यांनी १८५१ मध्ये त्यामागील कल्पना मांडली आणि अमेरिकेत कुइशलिंग यांनी १८८९ मध्ये ती शहरी गटारांना लावली. यातील गुणांक सपाट वाळूमिश्रित हिरवळीसाठी ०.१ च्या आसपास आणि भारी चिकणमातीच्या उतारासाठी ०.३ च्या आसपास असतो, तर डांबरी रस्ता किंवा छप्पर यांसाठी तो ०.९५ पर्यंत जातो. हे सहज लक्षात येते. तीव्रतेचे काय होते, ते मात्र थांबून पाहण्यासारखे आहे.

क्षेत्राच्या सर्वांत दूरच्या टोकावरील पाणी गटाराच्या तोंडाशी पोहोचायला जितका वेळ लागतो, तितका वेळ टिकणारी सर हिशेबात धरली जाते, कारण तेवढ्या वेळातच संपूर्ण क्षेत्राचे पाणी एकत्र येऊन पोहोचते. गवताळ जमिनीवर हा वेळ अर्धा तास असेल, तर त्याच जमिनीवर फरशी घातल्यावर तो दहा मिनिटांवर येऊ शकतो. दहा मिनिटांच्या सरी नेहमीच अर्ध्या तासाच्या सरींपेक्षा अधिक जोराच्या असतात, त्यामुळे हिशेबात धरायची तीव्रताही वाढते. एकाच बांधकामाने सूत्रातील दोन आकडे एकदम वर जातात.

उदाहरणादाखल एक हेक्टर जागा घेऊ. मोकळी असताना गुणांक ०.२ आणि तीव्रता ताशी ५० मिलीमीटर धरली, तर कमाल प्रवाह सेकंदाला सुमारे २८ लिटर येतो. बांधकामानंतर गुणांक ०.९ आणि, वेळ कमी झाल्यामुळे, तीव्रता ताशी ८० मिलीमीटर धरली, तर तोच प्रवाह सेकंदाला २०० लिटर होतो. तीव्रतेचे आकडे मी समजण्यासाठी गृहीत धरले आहेत, परंतु सातपट वाढ ही अतिशयोक्ती नव्हे. त्याच ढगातून पडलेल्या त्याच पावसाने हे घडते. आकाशात काहीही बदललेले नसते.

उंचावरील शहराबद्दल आपण लिहिले आहे. शहराच्या आत रस्त्यांवर, भुयारी मार्गांत आणि तळघरांत साचणारे पाणी नदीतून आलेले नसते. ते तिथल्याच छपरांवरून आणि रस्त्यांवरून आलेले असते. म्हणून नदी लांब असणे हे त्यापासून संरक्षण नाही. शिवाय उतार तीव्र असेल तर पाण्याचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की वाहत्या पाण्याचा रेटा चौपट होतो. अवघे १५ सेंटीमीटर खोल पण जोराने वाहणारे पाणी प्रौढ माणसाचे पाय उचलू शकते आणि ६० सेंटीमीटर पाण्यात बहुतेक मोटारी वाहून जातात. पाण्याला असा जोर येतो तो उताराच्याच रस्त्यांवर.

ओढाकाठ (प्रतिसाद)

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. ‘ते जवळच्या ओढ्याला नेऊन जोडले, की काम संपले’ या वाक्यावर मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण काम जिथे संपले असे आपण म्हणता, तिथून ओढ्याचे हाल सुरू होतात.

मी गेली अनेक वर्षे एका लहान ओढ्याच्या काठाने नियमित चालतो. वरच्या बाजूला वसाहत उभी राहण्याआधी त्याचे पात्र इतके अरुंद होते की दोन-तीन दगडांवर पाय ठेवून ओलांडता येत असे. वसाहतीचे पाणी त्यात सोडल्यानंतर दोन पावसाळ्यांत तळ खचू लागला. काठाखालची माती धुऊन गेल्याने वरचा भाग छज्जासारखा पुढे राहिला, झाडांची मुळे हवेत लोंबू लागली आणि एका सकाळी एक जुने झाड मुळांसह पात्रात आडवे पडलेले दिसले. पात्राखालून गेलेली सांडपाण्याची वाहिनीही उघडी पडली होती. तिच्या सांध्यापाशी पाणी खळाळत होते आणि तो सांधा आणखी किती दिवस टिकेल, हे सांगता येत नव्हते. त्या काळात एकही मोठा पूर आला नव्हता. साध्या पावसाने हे केले. पूर्वी ज्या पावसाने ओढ्याची पातळी बोटभर वाढत असे, तोच पाऊस आता पात्र काठोकाठ भरू लागला होता आणि वर्षातून एखाद्या वेळी होणारी झीज दर आठवड्याला होऊ लागली होती.

दुसरी बाजू पाऊस संपल्यावर दिसते. जमिनीत मुरलेले पाणी पुढे महिनोन्महिने झिरपत ओढ्याला मिळते आणि कोरड्या दिवसांत त्याच आधारावर तो वाहतो. मुरणे थांबले की हा आधार तुटतो. ओढ्याला पावसात अंगावर येईल इतके पाणी आणि नंतर काहीच नाही, अशी स्थिती होते. आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाणे हा त्याच कारणाचा दुसरा परिणाम आहे. पाणलोट क्षेत्राचा साधारण १० टक्के भाग पक्क्या बांधकामाने झाकला गेला की प्रवाहातील जीवसृष्टीवर परिणाम दिसू लागतात, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांतून आढळले आहे. शहराच्या दृष्टीने १० टक्के ही अगदी सुरुवात आहे.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी तो मुद्दा यापासून वेगळा करता येत नाही. पावसाचे पाणी स्वच्छ असते, असे आपण गृहीत धरतो. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर पडलेल्या सरीचे पाणी गटाराच्या तोंडाशी काचेच्या बरणीत धरून पाहावे. पहिल्या पाच-दहा मिनिटांतील पाणी चहासारखे काळपट असते, वर तेलाचा सप्तरंगी तवंग असतो आणि बरणी तासभर ठेवली की तळाशी काळा, बारीक गाळ बसतो. त्यात टायरची झीज, ब्रेकमधील धातूंचे कण, इंजिनातून ठिबकलेले तेल, बागांतील खते आणि जनावरांची विष्ठा असे सगळे असते. अर्ध्या तासानंतर धरलेली बरणी पुष्कळ स्वच्छ दिसते. म्हणूनच पहिला लोंढा वेगळा अडवून तो गवत, वाळू आणि माती यांतून गाळून सोडण्यावर भर दिला जातो.

टायरच्या झिजेचा मुद्दा मी सहज लिहिलेला नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडील ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन जातीचे मासे अंडी घालण्याआधीच मोठ्या संख्येने मरत होते आणि वर्षानुवर्षे त्याचे नेमके कारण सापडत नव्हते. टायर टिकावेत म्हणून रबरात घातल्या जाणाऱ्या एका रसायनाचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन तयार होणारा पदार्थ या मृत्यूंना कारणीभूत आहे, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. तो पदार्थ माशांपर्यंत पोहोचला रस्त्यावरील पावसाच्या पाण्यातून. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र कितीही उत्तम असले तरी त्याचा येथे काही उपयोग नव्हता, कारण हे पाणी त्या केंद्राकडे जातच नाही.

सरळरेषा (प्रतिसाद)

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. पाणी वाढले असेल तर वाहिनी मोठी करावी. नळाचा व्यास दुप्पट केला तर, उतार तोच ठेवून, त्याची वहनक्षमता सहापटींहून अधिक वाढते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. ओढ्याची झीज होत असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत बांधावी. साठवण तलाव, शोषखड्डे, पाणी मुरवणाऱ्या फरश्या हे सर्व ऐकायला चांगले वाटते, पण त्याला जागा लागते, आणि शहरात नेमकी तीच नसते. जलद निचरा हा सिद्ध झालेला मार्ग सोडून इतके फाटे कशाला फोडायचे?

पाणलोट (प्रतिसाद)

@सरळरेषा, मोठ्या वाहिन्यांची गरज मी नाकारत नाही. माझ्या कामाची बरीच वर्षे त्या आखण्यातच गेली. व्यासाबद्दलचे आपले विधानही अचूक आहे. अडचण अशी की वाहिनी कुठेतरी संपते, आणि तिच्या टोकाशी ओढा किंवा नदी भरून वाहत असेल तर व्यास कितीही असो, पाणी बाहेर पडत नाही. उलट मागे चढते. जोराच्या पावसात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडण्याची शक्यता सर्वाधिक असते. आपण वरच्या भागातील निचरा जितका जलद करू, तितके खालच्या भागात अधिक पाणी कमी वेळात पोहोचते. वरच्या वस्तीची सुटका ही खालच्या वस्तीची आपत्ती ठरते, आणि खालच्या वस्तीने तशीच वाहिनी मोठी केली की तिच्याखालच्या गावाची पाळी येते. काँक्रीटच्या भिंतीही हेच करतात: पाण्याचा वेग वाढवून झीज पुढे ढकलतात आणि ओढ्यातून जमिनीत होणारा झिरपाही बंद करतात.

दुसरे असे की प्रत्येक वाहिनी कोणत्यातरी ठरावीक पावसासाठी आखलेली असते. दोन, पाच किंवा दहा वर्षांतून सरासरी एकदा येणारा पाऊस धरून बहुतेक शहरे वाहिन्या बांधतात, कारण शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाला पुरतील इतके मोठे नळ जमिनीखाली घालणे कोणालाही परवडत नाही आणि ते बसतही नाहीत. त्याहून मोठा पाऊस कधीतरी येणारच. तेव्हा वाहिनीत न मावलेले पाणी कोणत्या रस्त्याने जाईल आणि कुठे थांबेल, हे आधी ठरवले नसेल तर ते पाणी स्वतःच ठरवते. कोपनहेगन हे व्यवस्थित गटारे असलेले शहर आहे, तरीही २ जुलै २०११ रोजी तिथे काही भागांत दोन-तीन तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि रस्ते, तळघरे पाण्याखाली गेली. त्यानंतर त्या शहराने जो आराखडा केला, त्यात निवडक रस्ते पाणी वाहून नेण्यासाठी आखले आणि उद्याने काही तास पाणी धरून ठेवतील अशी खोलगट करण्याचे ठरवले. वाहिन्याही आहेतच. पण सगळा भार त्यांच्यावर टाकलेला नाही.

जागेच्या टंचाईचा आपला आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एका मोठ्या तलावापेक्षा अनेक लहान जागा शोधाव्या लागतात. एक हेक्टरवर २५ मिलीमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी होते. ते सारे एका ठिकाणी आणून साठवायचे तर मोठी जागा लागेल. पण छपराचा पन्हाळ गटाराऐवजी बागेत सोडला, वाहनतळाच्या कडेने उथळ हिरवा चर काढला आणि मैदान आजूबाजूपेक्षा हातभर खाली ठेवले, तर त्यातील बराच भाग गटारापर्यंत येतच नाही. मैदान वर्षातले बहुतेक दिवस मैदानच राहते.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो, कारण उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. पाणी अडवून उशिरा सोडणे सगळीकडे हितकारक नसते. पाणलोटाच्या अगदी खालच्या टोकाला, मुखाजवळ, साठवण केली तर ते अडवलेले पाणी नेमके वरच्या भागाचा लोंढा पोहोचण्याच्या वेळी सुटू शकते आणि दोन्ही कमाल प्रवाह एकमेकांवर चढतात. अशा ठिकाणी पाणी लवकर जाऊ देणेच योग्य असते. प्रत्येक भूखंडाने आपापला शोषखड्डा खणला की शहराचे नियोजन झाले, असे म्हणता येत नाही, त्याचे हे एक कारण. संपूर्ण पाणलोटाचा नकाशा समोर ठेवून विचार करणारे कोणीतरी असावे लागते.

झाकणाखाली (प्रतिसाद)

चर्चा चांगली चालली आहे. मी आखणीच्या बाजूचा नाही; पावसाळी गटारांच्या साफसफाईवर देखरेख करण्यात माझी वर्षे गेली, म्हणून त्या बाजूचे थोडे लिहितो.

वाहिनी बांधली त्या दिवशी तिची जी क्षमता असते, ती पुन्हा कधीच नसते. गोल नळाचा निम्मा भाग गाळाने भरला तर क्षमता निम्मी उरेल, असे सर्वांना वाटते. ती जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास उरते, कारण पाण्याची वाट निम्मी होतेच, शिवाय गाळाच्या सपाट थराशीही ते घासत जाते. हा हिशेब गाळाचा. प्लास्टिक आणि पाला यांचा त्याहून वाईट आहे. एका रात्री मी स्वतः एका चौकात गुडघाभर पाण्यात उभा होतो. खालची वाहिनी जवळजवळ रिकामी होती, हे पुढचे झाकण उघडल्यावर दिसले. रस्त्याकडेच्या जाळीवर पानांचा थर आणि त्यावर एक पिशवी अशी घट्ट बसली होती की पाण्याला आत शिरायला फट नव्हती. हाताने ती ओढून काढली, तेव्हा पाणी भोवरा घेत आत गेले आणि काही मिनिटांत चौक मोकळा झाला. एवढी मोठी वाहिनी एका पिशवीने निकामी केली होती.

म्हणून स्वतंत्र कर्मचारी कशाला, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, हे काम पावसाआधी एकदा करून भागत नाही. पहिल्या मोठ्या सरीनंतर सगळा साचलेला कचरा खाली येतो, तेव्हा पुन्हा जावे लागते. कोणती जाळी नेहमी तुंबते, कोणत्या मोरीत फांद्या अडकतात, कुठे कोणी सांडपाण्याची जोडणी चोरून पावसाळी गटाराला दिली आहे, हे त्याच लोकांना माहीत असते जे वर्षभर तेच काम करतात. पावसाळ्यापुरते इकडून तिकडून माणसे गोळा केली तर हे ज्ञान दरवर्षी नव्याने शून्यापासून सुरू होते. कित्येक ठिकाणी जुन्या वाहिनीचा नकाशाच नसतो आणि ती कुठून जाते हे एखाद्या निवृत्त मुकादमालाच ठाऊक असते. पाणी मुरवणाऱ्या फरश्यांचेही तसेच आहे: त्यांच्या फटी बारीक मातीने भरल्या की त्या साध्या फरशीसारख्याच होतात, त्यामुळे त्या बसवणाऱ्याने त्या साफ कोण करणार हेही लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट, जी आराखड्यात कधी दिसत नाही. रस्ता दुरुस्त करताना जुना थर न खरवडता त्यावर नवा डांबराचा थर चढवतात. असे चार-पाच वेळा झाले की रस्ता वीतभर उंच होतो आणि कडेची जुनी घरे त्याच्या पातळीखाली जातात. पूर्वी अंगणातून रस्त्यावर जाणारे पाणी आता रस्त्यावरून उंबऱ्याकडे येते. पाऊस वाढलेला नसतो, गटारही तुंबलेले नसते, तरी घरात पाणी शिरते, आणि ते शिरते बहुधा ज्यांना घर उंच करून बांधणे शक्य नसते त्यांच्याच घरात. पाण्याचा विचार करणारा माणूस रस्त्याच्या कामावर हजर असता, तर हे टळले असते.

उतारवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारण मागितले होते, ते मिळाले. विशेषतः एकाच बांधकामाने गुणांक आणि तीव्रता दोन्ही वाढतात, आणि जुने थर न काढता रस्ता उंच होत गेल्याने घरे खाली जातात, या दोन गोष्टी मला पूर्णपणे नव्या होत्या. गटार ओढ्याला जोडले की काम संपले, हे माझे विधान मी मागे घेतो.

एकच उपप्रश्न उरतो. हा खर्च कोणत्या तत्त्वावर वाटावा? घरपट्टी मालमत्तेच्या मूल्यावर ठरते, पण मूल्याचा आणि अपधावाचा संबंध दिसत नाही.

पाणलोट (प्रतिसाद)

संबंध नाहीच, आणि म्हणून काही ठिकाणी वेगळा आधार घेतला गेला आहे. जर्मनीतील अनेक शहरांत सांडपाण्याचे शुल्क पाणीवापरावर आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क भूखंडावरील झाकलेल्या, गटाराला जोडलेल्या क्षेत्रफळावर आकारले जाते. मोठा वाहनतळ असलेले गोदाम पाणी फारसे वापरत नाही, पण अपधाव प्रचंड पाठवते. जुन्या पद्धतीत त्याचा भार शेजारच्या लहान घरांवर पडत असे. नव्या पद्धतीत मालकाने पन्हाळ गटारापासून तोडून बागेत सोडला किंवा वाहनतळाची फरशी पाणी मुरू देणारी केली, तर तेवढे क्षेत्र हिशेबातून वजा होते किंवा त्याचा दर कमी लागतो. यासाठी प्रत्येक भूखंडाच्या झाकलेल्या क्षेत्राची नोंद मात्र करावी लागते, आणि ती नोंद एकदा झाली की @झाकणाखाली यांनी म्हटलेल्या नकाशाचे निम्मे काम झालेले असते. आपल्या पुढील चर्चेत निधीच्या रकमेआधी या नोंदीचा विषय काढावा, असे मी सुचवेन.